बाबाचा बोकड

५ जानेवारी, रविवार

रागात ब्रश धरला की चित्र बिघडतं, म्हणून ब्रश धुऊन ठेवला आणि लिहायला बसले.

सकाळी पुण्याहून प्रकाशकांचा फोन. ‘बुंदी जत्रेला जातो’ची सगळी पानं महिनाअखेर हवीत, जाहिरातसुद्धा करून टाकलीय म्हणे. शिवाय बुंदीचा काळा रंग थोडा ‘गोड’ करता येईल का? काळा तो काळा. त्यात काय साखर घालू? पण हा राग नेहमीचा आहे, चहा घेतला की जातो.

खरा राग त्यानंतरचा. पाळण्यात बसलेल्या बुंदीचे पुढचे पाय जमत नव्हते, म्हणून कुंपणापलीकडे छबूबाईंच्या अंगणात गेले. बुंदी म्हणजे त्यांचाच बोकड. काळाभोर, लांब कान, कानांवर पांढरे ठिपके. माझे यजमान काकासाहेब निवृत्त झाले आणि नगर सोडून आम्ही त्यांच्या या गावी, कर्जतजवळ, राहायला आलो, तेव्हापासून मी त्याला बघून चित्रं काढतेय. दोन पुस्तकं झाली. पुण्याची पोरं त्याला नावाने ओळखतात, मला पत्रं पाठवतात, बुंदीला पापा सांगा म्हणून. पापा मी अर्थातच दिलेला नाही. बोकडाचा वास असा असतो की चार हातांवरूनसुद्धा पदर नाकाला लावावा लागतो.

छबूबाई त्याला आंघोळ घालत होत्या. आज काय विशेष, विचारलं. तर म्हणाल्या, संक्रांत झाली की तेवीस तारखेच्या गुरुवारी टेकडीवरच्या पीरबाबाला आमची कंदुरी आहे, तुम्ही आणि साहेब दोघांनी जेवायला यायचं. कंदुरी म्हणजे नवसाचा बोकड कापून गावाला जेवण, एवढं मलाही माहीत आहे. बोकड कुठून आणणार, मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बुंदीच्या पाठीवर तांब्या ओतला.

“ह्योच की. बाबाचाच हाय त्यो.”

दोन वर्षांपूर्वी त्यांची नात निकिता डेंग्यूने नगरच्या दवाखान्यात होती. डॉक्टरांनी काही सांगता येत नाही म्हटलं, तेव्हा छबूबाईंनी पीराला नवस केला आणि घरी येऊन त्या वर्षीच्या करडाच्या कानाला चीर दिली. पोरगी उठली. करडू तेव्हापासून बाबाचं. म्हणून विकलं नाही, म्हणून नाव ठेवलं नाही. बुंदी हे नाव माझंच.

ती चीर मी चौदा पानांवर रंगवलीय. ‘बुंदीचा कान एका फुलपाखराने चाखून बघितला’ असं लिहिलंय मी त्याखाली.

काकासाहेबांना सांगितलं तर म्हणाले, “गावात सगळ्यांना माहीत आहे.” मग मला का नाही सांगितलं? “तू विचारलं नाहीस.” या माणसाशी आज बोलणार नाही.

८ जानेवारी, बुधवार

नवा बोकड आणून देते, याच्यापेक्षा मोठा, असं छबूबाईंना सांगून आले. शांतपणे सांगितलं. निदान सुरुवात तरी शांत होती.

त्या शेंगदाणे निवडत होत्या. म्हणाल्या, ज्याच्या कानाला चीर दिली तोच द्यायचा असतो. मी म्हटलं, निकिता औषधाने बरी झाली, सलाईनने, डॉक्टरांनी. त्या हो म्हणाल्या. डॉक्टरांचं बिल भरलं, त्यांना पेढे दिले, नर्सबाईंना लुगडं दिलं. ज्याचं त्याला पोचतं केलं, आता एवढं बाबाचं राहिलंय.

मग मात्र मी बोलले. मुक्या जनावराचा जीव घेऊन कुठला देव खूश होतो, वगैरे. छबूबाईंनी सुपातला एक खडा बाजूला टाकला.

“ताई, आइतवारी तुमच्या घरातनं रश्श्याचा वास येतो.”

मी म्हटलं, ते वेगळं.

“त्याला नाव न्हवतं म्हणून व्हय?”

तळपायाची आग मस्तकात गेली. उठून आले. माझ्या पुस्तकांत तीस वर्षांत कुणी मेलेलं नाही, मुंगीसुद्धा नाही. लहान मुलांना तेवढा एक कोपरा असावा की नाही?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. निकिता तिळगूळ घेऊन आली. नऊ वर्षांची आहे, पण अंगाने सहाची वाटते. छबूबाईंनी स्वतः न येता पोरीला पाठवलं, म्हणजे तिकडेही राग आहे तर. असू दे.

तिला खोलीत बोलावून जत्रेची चित्रं दाखवली. बुंदी पाळण्यात, बुंदी शेव खाताना, बुंदीने आरशात स्वतःला बघून शिंगं उगारली ते. ती एकेक पान बघत होती, हसत नव्हती. मग म्हणाली, “जत्रंतनं परत येतो?” हो, शेवटच्या पानावर घरी येऊन झोपतो, मी सांगितलं. मला ते लेकरू बघून भरून आलं. तिचा हात धरून म्हटलं, तू अजिबात काळजी करू नकोस, बुंदीला मी काही होऊ देणार नाही. माझा शब्द आहे.

तिने हात सोडवून घेतला आणि पळत घरी गेली. आनंद झाला की मुलं अशीच पळतात.

एवढ्या पोरीच्या डोळ्यांदेखत तिचा सवंगडी कापणार ही माणसं. काकासाहेब म्हणाले, तिळगूळ खा. मी म्हटलं, तुम्हीच खा आणि तुम्हीच गोड बोला.

१७ जानेवारी, शुक्रवार

फेसबुकवर लिहिलं. बुंदीचा फोटो, पुस्तकाचं मुखपृष्ठ, आणि तेवीस तारखेला काय होणार ते. गावाचं नाव टाकलं नाही, पण पुस्तकात आहेच. संध्याकाळपर्यंत हजारो लोकांनी वाचलं. आया रडतायत. प्रकाशक, जे एरवी माझा फोन तीनदा वाजल्याशिवाय उचलत नाहीत, त्यांनी स्वतःहून फोन केला आणि पुस्तकाची मागणी वाढल्याचं सांगितलं. मला शिसारी आली, पण लेखणीत अजून ताकद आहे हे बघून बरंही वाटलं. काय खोटं बोलू?

एका प्राणिप्रेमी संस्थेचा निरोप आलाय. ते गाडी पाठवायला तयार आहेत.

२१ जानेवारी, मंगळवार

नेला. बुंदी वाचला.

दुपारी त्यांची गाडी आली. पाच तरुण, सारखे टी-शर्ट, दोघांच्या हातात मोबाईल, सगळं चित्रीकरण चालू. निकिताचा बाप राम टेम्पो घेऊन बाजाराला गेला होता, आई रुपाली खुरपायला. घरी छबूबाई आणि निकिता. त्या पोरांनी अंगणात उभं राहून कायदा, केस, पोलीस असं मोठमोठ्याने सुरू केलं. छबूबाई हात जोडून उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं भांडतील. माझ्याशी भांडतात की! त्या नुसत्या हात जोडून उभ्या, आणि ती पोरं त्यांचा चेहरा चित्रित करतायत. मी कुंपणाशी होते. ‘अरे, चित्रीकरण बंद करा’ असं ओरडले, तर त्यातल्या एकाने मोबाईल माझ्याकडे वळवला आणि ‘याच त्या लेखिका’ म्हणाला.

बुंदी गाडीत चढेना. चौघांनी उचलला. निकिता दाराच्या चौकटीला धरून उभी होती. रडली नाही, काही नाही. लेकरू आनंदाने गांगरून गेलं असणार.

गाडी गेल्यावर छबूबाई माझ्याकडे न बघता आत गेल्या. काम फत्ते झालं, तरी मला राग का येतोय ते कळत नाही. त्या टी-शर्टवाल्यांमुळे असेल.

२३ जानेवारी, गुरुवार

आज कंदुरी होती. झाली नाही. गाव गप्प आहे. दूध घालायला मुक्ताबाई आली नाही. किराणावाल्याने पैसे घेतले, सुटे दिले, तोंडातून शब्द काढला नाही. म्हणजे गुन्हेगार मी?

त्याहून भयंकर ते फेसबुक. मी एका बोकडाबद्दल लिहिलं होतं. खाली लोक दर्ग्याबद्दल लिहितायत, मुसलमानांबद्दल लिहितायत, असलं घाण की हात धुवावेसे वाटले. नवस हिंदू बाईचा, बोकड हिंदू घरचा, जेवायला अख्खं गाव, आणि शिव्या कुणाला? कुणीतरी पीराची सेवा करणाऱ्या मुजावराचा फोटोसुद्धा शोधून टाकला होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. सगळं काढून टाकलं. पण लोकांनी आधीच पुढे पाठवलंय. मला इतका संताप आला की मोबाईल गादीवर आपटला. गादीवर, कारण नवा आहे.

संध्याकाळी मुजावर, नूरमहंमदचाचा, स्वतः आले. मला वाटलं आता ऐकवणार. ते ओट्यावर बसले, पाणी प्यायले. म्हणाले, शिव्यांचं काही नाही, त्यांच्या मुलाने मोबाईल काढून घेतलाय, म्हणजे दिसतच नाहीत. मी माफी मागायला तोंड उघडलं, त्यांनी हात वर केला.

“त्ये ऱ्हाऊ द्या, ताई. पोरगी जेवंना झालीय, तेवढं बगा.”

२५ जानेवारी, शनिवार

निकिताला ताप आहे. मंगळवारपासून नीट जेवलेली नाही, पाणीसुद्धा आग्रह करून पाजावं लागतं. रामने तिला कर्जतला नेलं, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, साधा ताप आहे, पण हिच्या पोटात अन्न घाला. अन्न तिने दोनदा ओकून टाकलं.

रुपाली सकाळी आली. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने फक्त सांगितलं, की पोरगी म्हणते, बाबाचं बाबाला दिलं नाही, आता बाबा मला न्यायला येतील.

मी लगेच गेले. अडाणीपणा आपणच पोरांच्या डोक्यात भरतो आणि मग पोरं तापतात, असं मनात चाललेलं. पुस्तकं नेली, चित्रं नेली. तिच्या खाटेवर बसून समजावलं. डेंग्यू डासाने होतो, औषधाने जातो. देव असलाच तर तो लहान मुलींना बोकडाच्या बदल्यात धरत नाही. फार सोपं करून सांगितलं, मला ते चांगलं जमतं. शेवटी संस्थेने पाठवलेला बुंदीचा फोटो दाखवला. बघ, तो मजेत आहे.

तिने फोटो बघितला नाही, भिंतीकडे तोंड केलं.

“तुमी म्हणलात त्याला काय होऊ देनार न्हाई.” मग पांघरूण ओढून घेत, “मंग माझं काय?”

तीस वर्षं मुलांसाठी लिहितेय आणि एका मुलीला उत्तर देता आलं नाही. छबूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. मला वाटलं आता तरी काही बोलतील. त्यांनी उठून माझी पुस्तकं गोळा करून माझ्या हातात दिली.

२६ जानेवारी, रविवार

काकासाहेबांशी भांडण. लग्नानंतर इतकं मोठं पहिलंच असेल.

ते म्हणाले, बोकड परत आण. मी म्हटलं, कापायला? मी? ज्याला वाचवला त्याला स्वतःच्या हाताने नेऊन देऊ? तुम्ही कृषी खात्यात जन्मभर लोकांना शास्त्र शिकवलंत ना, मग शिकवा की तिला. ते म्हणाले, शिकवू. दहा वर्षं लागली तरी शिकवू, तिला तू विज्ञान शिकव, मी शिकवतो. पण आधी तिच्या पोटात भाकरी जाऊ दे.

“तुझा बुंदी पुस्तकात आहे, ज्योती. ही पोरगी पुस्तकात नाही.”

मी रंगाची बाटली फेकली. नेमकी काळ्याची. भिंतीवर डाग पडला. ते फडकं घेऊन आले आणि पुसत बसले. या माणसावर नीट रागावतासुद्धा येत नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

बोकड परत आणायला राम आणि मी त्याच्या टेम्पोतून संस्थेत गेलो. पत्र्याची मोठी शेड, आत शेळ्या, बोकड, लंगडी कुत्री, दोन गाढवं. बुंदीच्या गळ्यात पट्टा आणि त्यावर नाव, ‘लकी’. मला हसू आलं असतं, पण तो खंगला होता. नुसताच भिंतीला टेकून उभा. मी कुंपणाशी जाऊन ‘बुंदी, बुंदी’ म्हणून हाका मारल्या. त्याने कानसुद्धा हलवला नाही. त्याला ते नाव माहीतच नाही, हे मला तिथे उभी असताना कळलं. रामने नुसतं जिभेने टक् केलं तर धावत आला आणि त्याच्या खिशात तोंड घातलं.

संस्थेचा म्होरक्या आधी देईना. मग म्हणाला, याला कधीही कापणार नाही असं लिहून द्या, तुमच्यावर आमचा विश्वास आहे, तुमची पुस्तकं आमच्या भाचीकडे आहेत. मी लिहून दिलं. खाली सही केली, तीच सही, जी पुस्तकांवर करते. खोट्याखालीही ती नेहमीसारखीच वळणदार आली याचा मला राग आला. आणि त्याने लगेच विश्वास ठेवला याचाही.

परत येताना बुंदी मागे दोरीने बांधलेला, टेम्पोत त्याचा वास भरलेला. मिरजगावच्या पुढे आल्यावर राम बोलला.

“ताई, आमाला त्याचं काय वाटत न्हाई असं वाटलं व्हय तुमाला?”

मी मागे वळून बोकडाकडे बघितलं.

“आई दोन वर्सं त्याला आधी घालून मंग जेवती. तो गेल्यापासनं तिनं बी ताटाला हात लावल्याला न्हाई. ज्याचं वाईट वाटत न्हाई, ते देऊन काय उपेग?”

मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही. पण पदर नाकाला लावायचं मी विसरले होते, ते घरी आल्यावर लक्षात आलं.

निकिता अंथरुणातून उठून बाहेर आली. बोकडाला बघितलं, त्याच्या अंगाला हात लावून खात्री केली. मग अर्धी वाटी पेज प्यायली. ओकली नाही.

३० जानेवारी, गुरुवार

आज कंदुरी. मी जाणार नव्हते. काकासाहेब चप्पल घालून दारात थांबले. बोलवत नव्हते, नुसते थांबले होते. शेवटी मीही गेले.

टेकडी फार उंच नाही, पण निकिताचे पाय लटपटत होते. दोर तिच्या हातात. राम दोनदा म्हणाला मी धरतो, तिने दिला नाही. वर चुली पेटल्या होत्या, बायका भाकरी थापत होत्या. मला बघून एकीने सरकून बसायला जागा केली. मला तेही सोसलं नाही. हाकलून द्यायला काय झालं होतं?

नूरमहंमदचाचांनी ऊद घातला, फातेहा पढला. छबूबाईंनी बोकडाच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, त्याने लगेच अर्धा खाऊन टाकला. मग त्याच्या अंगावर पाणी शिंपडलं. काकासाहेबांनी हळूच सांगितलं, आता त्याने अंग झाडायला पाहिजे. झाडलं की बाबाला मान्य. नाही झाडलं तर? नाही झाडलं तर नवस पोचला नाही.

बुंदी हार चघळत उभा.

छबूबाईंनी पुन्हा पाणी टाकलं. काही नाही. बायकांच्या भाकऱ्या थांबल्या. चाचांनी तिसऱ्यांदा ओंजळ शिंपडली, तो नुसते डोळे मिटून उभा राहिला. कुणीतरी म्हणालं, आठवडाभर बाहेरचं खाऊन आलाय, बाबाला राग आला. मला वाटलं, सुटला. बघा, त्यालाच मरायचं नाहीये, आता न्या घरी त्याला. हे मी मोठ्याने म्हणणार होते. मला हेच तर पाहिजे होतं.

आणि मी निकिताकडे बघितलं. ती बोकडाकडे बघत नव्हती. स्वतःच्या हातांकडे बघत होती, उलटेसुलटे करून, आता त्यांचं काय होणार असं बघावं तसं. ओठ पांढरे फटक.

मला आयुष्यात इतका राग आला नव्हता. नवसाचा, पीराचा, छबूबाईंचा, माझ्या फुलपाखरांचा, त्या मूर्ख बोकडाचा. त्या रागातच मी पुढे गेले, तांब्या छबूबाईंच्या हातातून घेतला आणि सगळं पाणी त्याच्या पाठीवर ओतलं.

“झाड की अंग, मेल्या. झाड.”

त्याने झाडलं. शिंगांपासून शेपटापर्यंत. माझा चष्मा, साडी, सगळं भिजलं. कुणीतरी बाबाच्या नावाने घोष केला. निकिता मटकन खाली बसली, मग उठली, बोकडाच्या मानेला मिठी मारून त्याच्या कानात काहीतरी बोलली आणि दोर स्वतः चाचांच्या हातात दिला. पुढचं मी बघितलं नाही. पाठ करून उभी राहिले.

पंगतीत ती माझ्या शेजारी येऊन बसली. भाकरी मोडली, रश्श्यात कुस्करली आणि खाल्ली. सगळी. रुपालीने दुसरी वाढली, तीही निम्मी खाल्ली. रुपाली वाढता वाढता तोंड फिरवून पदराने डोळे पुसत होती. माझ्या ताटात छबूबाईंनी स्वतः वाढलं. मी खाल्लं की नाही हे इथे लिहिणार नाही.

हात धुवायला गेले तेव्हा निकिता माझ्या मागे आली.

“बाई, तुमीच त्याला झाड म्हणलात ना?”

हो, मी म्हणाले.

“मी बी मनात त्येच म्हणत हुते.”

आणि इतके दिवस न रडलेली ती पोर एकदम रडायला लागली, हमसून, माझ्या ओल्या साडीत तोंड खुपसून. साडीला त्याचाच वास येत होता. बायका धावत आल्या, काय झालं, काय झालं. मी त्यांना हाताने लांब थांबवलं. तिला गप्प कर असं मला कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला मारलं असतं.